मातीच्या तेलाचा देश

मराठीचा प्राध्यापक परदेशी गेला की इमारती कमी पाहतो आणि पाट्या जास्त वाचतो. इंडोनेशियात तर पाट्या वाचण्याचे सुख काही औरच. लिपी रोमन, पण अक्षरे जुळवून मोठ्याने म्हणावे तो आतून आपलाच एखादा शब्द डोके वर काढतो. राज्याला तिथे ‘नगारा’ म्हणतात. तो आपला नगर. मंत्र्याला ‘मन्तेरी’, कारणाला ‘कारना’. सुखी माणूस तो ‘बहागिया’, म्हणजे भाग्याचा. आणि हालअपेष्टांना शब्द आहे ‘संगसारा’, म्हणजे आपला संसार! परत आल्यावर हा अर्थ मी घरी सांगितला, तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “ते लोक अनुभवी दिसतात.”

कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला तिथे ‘महासिस्वा’ म्हणतात, म्हणजे महाशिष्य. अठरा वर्षे वर्गात उभे राहूनही मला एक महाशिष्य गवसला नव्हता. इथे तर ते लाखांनी होते. संस्कृताच्या जोडीला अरबीही आहे. जनतेला शब्द ‘राक्यात’. ही शिवकाळापासून आपल्या कागदपत्रांत वावरणारी रयत. लोकसभेच्या सभासदाला म्हणतात ‘वाकिल राक्यात’. रयतेचे वकील! आपल्या आमदार-खासदारांना इतका सुंदर शब्द आपण का दिला नाही, याची मला खंत वाटली.

आणखी दोन शब्द सांगतो. किंमत म्हणजे ‘हार्गा’. हा संस्कृतातला अर्घ. आणि ज्याला आपण घासलेट किंवा रॉकेल म्हणतो ते तिथे ‘मिन्याक ताना’. मिन्याक म्हणजे तेल, ताना म्हणजे माती. मातीचे तेल. हार्गा, मिन्याक, राक्यात आणि महासिस्वा हे चार शब्द एका वाक्यात आले की त्या देशातल्या राज्यकर्त्यांची झोप उडते, हे मला पंधरा दिवसांच्या मुक्कामात समजले. कारण मी गेलो होतो रामकथेवरच्या एका परिसंवादासाठी, आणि सापडलो पेट्रोलच्या भाववाढीत.

*

२०२२ सालचा ऑगस्ट सरत होता. जकार्तात उतरलो आणि पहिल्याच दिवशी रस्त्यावर आकुर्डीचे नाव भेटले. तिथे तीनचाकी रिक्षाला ‘बजाज’ म्हणतात. उच्चार करतात ‘बजाय’, पण मूळ आपले पुण्याचे. १९७० च्या दशकात आपल्या रिक्षा तिकडे गेल्या आणि कारखान्याचे नाव हेच वाहनाचे नाव होऊन बसले. पूर्वी त्या नारिंगी होत्या आणि फटफट धूर सोडीत. आता निळ्या आहेत आणि गॅसवर चालतात. जकार्तात एक जुना विनोद आहे, की बजाज कोणत्या क्षणी कोणीकडे वळणार हे फक्त परमेश्वर आणि बजाजवाला जाणतो. पुण्याहून रिक्षा पाठवताना बरोबर हा विनोदही बांधून दिला असावा.

माझ्याबरोबर आमचे दुभाषे मित्र होते. हे तिथल्या एका विद्यापीठात शिकवतात. तरुणपणी शिष्यवृत्तीवर दोन वर्षे पुण्यात राहिलेले. त्यामुळे ‘मिसळ’ आणि ‘चालेल’ हे दोन मराठी शब्द त्यांना पक्के येत होते, आणि दोन्ही ते योग्य जागी वापरीत. त्या रात्री आम्ही बाहेर पडलो तर पेट्रोल पंपासमोर फर्लांगभर रांग. मोटारसायकलीच मोटारसायकली. त्या देशात १२ कोटींहून अधिक मोटारसायकली आहेत, आणि त्यातल्या निम्म्या त्या रात्री आमच्याच रस्त्यावर आहेत असे वाटले. १ सप्टेंबरला भाव वाढणार अशी आवई उठली होती. १ तारीख उजाडली, भाव वाढला नाही. रांगेत अर्धी रात्र काढलेले लोक निमूट कामाला गेले.

मी बजाजवाल्याला विचारले, “तुमची गाडी तर गॅसवर. तुम्हाला पेट्रोलची काय चिंता?” तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’ म्हणतात, म्हणजे बापक, बाप. तो म्हणाला, “पाक, गाडी गॅसवर चालते, पण तांदूळ, मिरची आणि अंडी लॉरीतून येतात.” अर्थशास्त्राच्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे.

*

या देशाचे तेलाशी असलेले नाते जुने आहे. १८८५ साली सुमात्राच्या उत्तर भागात, पांकालान ब्रांदानजवळ, एल्को झैल्कर नावाच्या डच माणसाच्या विहिरीला तेल लागले. त्यावर १८९० मध्ये ‘रॉयल डच’ कंपनी उभी राहिली, आणि १९०७ साली तिची ‘शेल’शी सोयरीक झाली. ज्या शिंपल्याच्या चित्राचे डबे आपल्या आजीच्या माजघरात पुढे धान्य ठेवायला वापरले जात, त्या घराण्याची एक शाखा ही अशी सुमात्राच्या जंगलात उगवलेली. १९४२ साली जपानी फौजा या बेटांवर उतरल्या, त्याही मुख्यतः याच तेलासाठी.

स्वातंत्र्यानंतर तेल देशाचे झाले. पण ‘देशाचे’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न तिथे कधी सुटला नाही. १९६२ साली इंडोनेशिया ‘ओपेक’ या तेलवाल्या देशांच्या पंगतीला जाऊन बसला. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले तेव्हा सरकारी खजिन्यात पैशाचा पूर आला. त्या पैशाचे काय झाले याची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. एक उत्तर असे, की १९७३-७४ ते १९७८-७९ या अवघ्या काही वर्षांत सरकारने ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. या शाळांमुळे मुलांच्या पुढच्या मिळकतीत काय फरक पडला, याचा अभ्यास एस्थेर दुफ्लो यांनी केला. त्याच दुफ्लोबाई ज्यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्याबरोबर नोबेल मिळाले. दुसरे उत्तर असे, की सरकारी तेलकंपनी ‘पर्तामिना’ १९७५ साली सुमारे १,००० कोटी डॉलरच्या कर्जात बुडालेली निघाली, आणि तिचे सर्वेसर्वा इब्नु सुतोवो यांना पुढच्या वर्षी घरी जावे लागले.

रयतेला या दोन्ही हिशेबांत काही विचारण्याचा अधिकार नव्हता. सुहार्तो यांच्या राज्यात वर्तमानपत्रे जपून लिहीत आणि निवडणुकीचा निकाल आधीच ठाऊक असे. तेलाच्या धनातला एकच वाटा सामान्य माणसाला रोज हातात मिळत होता: स्वस्त बेन्सिन आणि चुलीसाठी स्वस्त मातीचे तेल. एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष जमाखर्च दाखवीत नाही, पण विहिरीवरून पाणी भरायला कोणाला मनाई नसते. मग त्या पाण्यावरच सगळे समाधान मानतात. आणि एके दिवशी कर्त्याने विहिरीला कुलूप लावले तर घरातली माणसे नुसते पाणी मागत नाहीत, जुन्या वह्या मागू लागतात.

*

विमानतळावरून येताना आमच्या मित्रांनी एक इमारत दाखवली होती. त्रिसक्ती विद्यापीठ, आपल्या भाषेत त्रिशक्ती. तिथे थांबून ते गप्प झाले. १९९८ साली ते स्वतः महासिस्वा होते.

१९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात रुपिया कोसळला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्ज देताना अटी घातल्या, त्यात इंधनावरची सवलत कमी करण्याची एक होती. १५ जानेवारी १९९८ रोजी सुहार्तो करारावर सही करत आहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेसू हाताची घडी घालून मागे उभे आहेत, हे छायाचित्र तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सवलत टप्प्याटप्प्याने उतरवायला मुभा होती. सुहार्तो यांनी ४ मे रोजी एकदम घाव घातला. पेट्रोल ७०० रुपियांवरून १,२०० वर गेले, म्हणजे ७१ टक्के वाढ. त्याच दिवसांत मेदान शहरात दंगली उसळल्या. राष्ट्राध्यक्ष ९ मे रोजी परिषदेसाठी कैरोला निघून गेले. १२ मे रोजी त्रिसक्तीच्या आवारात गोळीबार झाला आणि चार विद्यार्थी मेले. पुढचे तीन दिवस जकार्ता जळत होते. हजारावर माणसे गेली. त्यातली कितीतरी पेटलेल्या बाजार-इमारतींत अडकून. चिनी वंशाच्या लोकांची दुकाने लुटली गेली, त्यांच्या बायकांवर अत्याचार झाले. त्या लोकांचा पेट्रोलच्या भावाशी काय संबंध होता, हे त्या जमावाला कोणी विचारले नाही. सरकारने घाईघाईने पेट्रोल १,००० वर आणले, पण वेळ टळून गेली होती. २१ मे रोजी सुहार्तो यांनी बत्तीस वर्षांचे राज्य सोडले.

गंमत म्हणावी की दैवगती, पण सुहार्तो गादीवर आले तेही अशाच एका घोषणेच्या लाटेवर. जानेवारी १९६६ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांच्या तीन मागण्यांना ‘त्रितुरा’ म्हणतात. त्यातली तिसरी मागणी ‘भाव उतरवा’. त्याच दिवसांत पेट्रोलचे आणि बसभाड्याचे दर वाढले होते. त्याआधीच्या महिन्यांत देशात भयंकर कत्तली झाल्या होत्या, सेनेचा हात त्यामागे होता. तेव्हा सुकार्नो केवळ भाववाढीने गेले असे म्हणणे बाळबोध ठरेल. पण सुकार्नो आणि सुहार्तो, दोघांच्याही शेवटच्या अंकात पेट्रोल पंप दिसतो, एवढे खरे. सुकार्नो म्हणजे सुकर्ण. सुहार्तो या नावाचा अर्थ सांगतात ‘चांगले धन’. त्यांच्या घराण्याच्या बाबतीत तो शब्दशः खरा झाला होता, आणि लोकांचा राग होता तो तिथेच.

*

जकार्ताहून योग्यकार्ताला रेल्वेने गेलो. दोन्ही बाजूंना भातखाचरे, माड, केळी. कोकणातून जात आहोत असा भास व्हावा. योग्यात आमची उतरण्याची सोय विद्यापीठाजवळच्या एका घरात होती. घरमालकीण साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला, दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या. त्यांना सगळे ‘इबू’ म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो.

इबूंच्या स्वयंपाकघरात दोन वस्तू शेजारी शेजारी होत्या. फळीवर रॉकेलचा जुना वातींचा स्टोव्ह, पितळ उजळून ठेवलेला; आणि खाली हिरवा, गोल, तीन किलोंचा गॅसचा सिलिंडर. या सिलिंडरला तिथे ‘मेलन’ म्हणतात, कलिंगडासारखा दिसतो म्हणून. मी स्टोव्हकडे पाहतो आहे हे पाहून बाई सांगू लागल्या.

२००५ साल. देशातले तेलाचे उत्पादन ओसरत चालले होते. एके काळी रोज १६ लाख पिंपांच्या वर तेल काढणारा देश २००४ च्या सुमारास स्वतःच तेल आयात करू लागला होता. जगात भाव चढत होते आणि देशात पेट्रोल मात्र जुन्याच भावात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुसिलो बामबांग युधोयोनो यांनी त्या वर्षी दोनदा वाढ केली. मार्चमध्ये पेट्रोल १,८१० वरून २,४०० झाले. १ ऑक्टोबरला, रमझान सुरू व्हायला तीन-चार दिवस असताना, ते ४,५०० झाले. आणि मातीचे तेल ७०० वरून २,०००. जवळजवळ तिप्पट!

“पेट्रोलचं आम्हाला काय,” इबू म्हणाल्या. “गाडी नव्हतीच. पण दोन हजाराचं तेल! पहिले आठ दिवस मी भात एकदाच शिजवला.”

पण १९९८ ची पुनरावृत्ती झाली नाही. कारण या खेपेस सरकारने एक नवी युक्ती केली होती. गरीब कुटुंबांना दरमहा १ लाख रुपिया रोख, तीन महिन्यांचे एकदम, पोस्टात. सुमारे दीड कोटी कुटुंबांपासून सुरुवात झाली आणि पुढे ती संख्या १ कोटी ९० लाखांपर्यंत गेली. इबू पोस्टाच्या रांगेत पहाटेपासून उभ्या होत्या. रांगेत म्हाताऱ्या बायका चक्कर येऊन पडत. याद्या घाईने केल्या होत्या. दारी दूरदर्शन असलेल्या शेजाऱ्याचे नाव यादीत, आणि समोरच्या विधवेचे नाही. त्यावरून गल्लीत वर्षभर अबोला चालला. कित्येक गावांत लोकांनी याद्या करणाऱ्या गावकामगारांनाच घेरले.

“तरी तुम्ही रागावला नाहीत?” मी विचारले.

त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “तीन लाख हातात आले, ते दिसले. भाव वाढला तो रोज थोडा थोडा गेला. पाक, सुहार्तोंनी काढून घेतलं आणि दिलं काहीच नाही. यांनी काढून घेतलं, पण आधी दारात येऊन सांगितलं आणि काहीतरी हातावर ठेवलं.”

२००७ पासून सरकारने रॉकेल बंद करून घरोघर शेगडी आणि हा हिरवा सिलिंडर फुकट वाटायला घेतला. काही वर्षांत पाच कोटींहून अधिक संच वाटले गेले. सुरुवातीला स्फोटाच्या बातम्यांनी बायका भ्यायल्या. इबूंनी सिलिंडर महिनाभर अंगणात ठेवला होता. मग एक दिवस शेजारणीने पेटवून दाखवला. तरी स्टोव्ह त्यांनी मोडीत दिला नाही. आपल्याकडेही रेशनच्या रॉकेलसाठी कॅन घेऊन रांगेत उभे राहिलेली पिढी अजून आहे. गॅस आल्यावरही तो कॅन माळ्यावर कशासाठी जपला जातो हे तिला सांगायला नको.

*

३ सप्टेंबर, शनिवार. दुपारी आम्ही जेवून उठतो तो दूरचित्रवाणीवर राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो. भाव वाढतो आहे, दुपारी अडीचपासून. घड्याळात तासभरच उरला होता! इबूंचा धाकटा मुलगा मोटारसायकलवरून भाडे मारतो. या व्यवसायाला ‘ओजेक’ म्हणतात, आणि हल्ली गिऱ्हाईक टेलिफोनवरच्या यंत्रणेतून मिळते. तो चप्पल घालता घालता बाहेर धावला.

साधे पेट्रोल ७,६५० वरून १०,००० झाले, डिझेल ५,१५० वरून ६,८००. आपल्या एका रुपयाला तेव्हा १८५ च्या घरात रुपिया मिळत. म्हणजे लिटर ४१ रुपयांवरून ५३-५४ वर. पुण्यात त्याच दिवशी लिटरला १०५ च्या वर मोजले जात होते. माझ्यातला पुणेकर क्षणभर मनात म्हणाला, यात रडण्यासारखे काय आहे? पण दोन देशांचे भाव असे शेजारी ठेवता येत नाहीत. आपल्याकडे पेट्रोलच्या भावात करांचा भार मोठा, तिथे उलट सरकार पदरचे घालते. आपल्याकडे २०१० मध्ये पेट्रोलचा आणि २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडला, आणि आपण हळूहळू रोजच्या वाढीची सवय करून घेतली. तिथे भाव सरकार जाहीर करते. म्हणून वाढ झाली की ती बाजाराने केली असे कोणी म्हणत नाही, राष्ट्राध्यक्षांनी केली असे म्हणतात.

सरकारचाही हिशेब खोटा नव्हता. सरकारच्या मते त्या पेट्रोलची खरी किंमत १४,४५० रुपिया होती. २०२२ च्या अंदाजपत्रकात इंधन आणि विजेच्या सवलतीसाठी धरलेली रक्कम १५२ लाख कोटींवरून ५०२ लाख कोटी रुपियांवर गेली होती. तेव्हाच्या अर्थमंत्री श्री मुल्यानी इंद्रावती, नावातच ‘मूल्य’! आणि राष्ट्राध्यक्षांनी भाषणात सांगितले, की या सवलतीतला ७० टक्क्यांहून अधिक भाग खाजगी मोटारवाल्या सुखवस्तू लोकांना जातो. हे पटण्यासारखे आहे. जो जास्त पेट्रोल जाळतो त्याला जास्त सवलत. ज्याच्या दारात दोन मोटारी, त्याला दुहेरी वाटा. ज्याच्या पायात चप्पल, त्याला काही नाही.

मुलगा दोन तासांनी परतला. टाकी भरून मिळाली नव्हती. पंपाशी पोहोचेतो अडीच वाजून गेले होते. रात्री त्याने वहीच्या पाठच्या पानावर हिशेब मांडला, आणि आमच्या मित्रांनी तो मला समजावून सांगितला. रोज ३ लिटर. लिटरमागे वाढ २,३५०, म्हणजे दिवसाला ७,०५०. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,८३,३००. या खेपेलाही सरकारने मदत जाहीर केली होती: २ कोटी ६ लाख कुटुंबांना महिना दीड लाख रुपिया, चार महिने. मदत मिळाली तरी ३३,३०० कमी पडत होते, आणि पाचव्या महिन्यापासून सगळेच. शिवाय त्याचे नाव यादीत नव्हते. आईच्या नावावर पक्के घर होते ना! यादी करणाऱ्याला घर दिसते. घरातले दोन भाडेकरू आणि मोटारसायकलचा हप्ता दिसत नाही.

इबूंनी वही पाहिली. म्हणाल्या, “तो मोटारवाला श्रीमंत आहे हे मला कळतं. त्याचं काढून घ्या. पण त्याचा आणि माझ्या पोराचा पंप एकच आहे.”

सगळ्या वादाची नस मला या वाक्यात सापडली. सवलत श्रीमंताला जास्त मिळते हे खरे, आणि ती काढली की गरिबाला जास्त लागते हेही खरे. पहिल्या सत्यावर अंदाजपत्रक तयार होते, दुसऱ्यावर मोर्चा निघतो.

*

दुसऱ्या रात्री आम्ही वायांग पाहायला गेलो. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, चामड्याच्या कोरीव बाहुल्या आणि एकटा सूत्रधार. त्याला ‘दालांग’ म्हणतात. रात्रभर महाभारत चालते. मध्यरात्री नायक बाजूला होतात आणि विदूषक येतात: सेमार आणि त्याची पोरे, गारेंग, पेत्रुक, बागोंग. हे व्यासांच्या महाभारतात नाहीत, जावाच्या मातीतले आहेत. आपल्या तमाशातला सोंगाड्या जसा राजाच्या तोंडावर गावकीच्या गोष्टी बोलतो, तसेच हे.

त्या रात्री पेत्रुकने विचारले, “दादा, धनी रथातून जातात. रथाला पेट्रोल लागत नाही. आपण पायी जातो, आपल्यालाही लागत नाही. मग भाव वाढला कोणासाठी?” गारेंग म्हणाला, “तुझ्या भाकरीतलं मीठ पायी आलं का?” लोक हसले, पण हसू फार वेळ टिकले नाही. बजाजवाल्याचीच ती लॉरी होती.

‘पेत्रुक राजा होतो’ असे एक प्रसिद्ध नाटक या खेळात आहे. चाकर सिंहासनावर बसतो आणि मग जे व्हायचे ते होते. आमच्या मित्रांना त्यावरून राजकारण आठवले. २०१२ मध्ये युधोयोनो सरकारला पेट्रोल ४,५०० चे ६,००० करायचे होते. मेघावती सुकार्नोपुत्री यांचा पक्ष विरोधात. त्याने रान उठवले. सत्तारूढ आघाडीतला एक पक्षही ऐन वेळी फिरला. मार्चअखेरच्या रात्री रयतेच्या वकिलांनी असे कलम घातले, की सहा महिन्यांत तेलाचा सरासरी भाव अंदाजपत्रकातल्या आकड्याहून १५ टक्के चढला तरच वाढ करता येईल. वाढ टळली. २०१३ च्या जूनमध्ये ती झाली, ६,५०० वर, पुन्हा रोख मदतीसह. त्या मदतीच्या लांबलचक नावाचे लोकांनी लघुरूप केले ‘बालसेम’, म्हणजे डोके दुखले तर चोळायचा बाम. २०१४ साली तोच विरोधी पक्ष सत्तेवर आला, जोको विदोदो राष्ट्राध्यक्ष झाले, आणि महिना उलटायच्या आत, १८ नोव्हेंबरला, पेट्रोल ८,५०० झाले!

त्यांच्या नशिबाने जगात तेल कोसळले. जूनमध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारीत पन्नासच्या आसपास आला. १ जानेवारी २०१५ रोजी सरकारने साध्या पेट्रोलवरची सवलत काढून टाकली, आणि तरीही पंपावरचा भाव ७,६०० पर्यंत उतरला. सवलत गेली आणि स्वस्ताई आली, असा दिवस राज्यकर्त्याच्या पत्रिकेत एकदाच असतो. त्याने तो साधला. पण पुढे भाव चढू लागले, निवडणूक जवळ आली, आणि सवलत मागच्या दाराने ‘भरपाई’ हे नवे नाव घेऊन परत घरात शिरली. ३ सप्टेंबर २०२२ ची दुपार त्याच सवलतीची होती.

*

परतताना, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, जकार्तात मोर्चे चालू होते. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चौकात एक भव्य शिल्प आहे: ‘अर्जुन विजय’. न्योमान नुआर्ता या शिल्पकाराचे, १९८७ सालचे. घोडे उधळलेले, मागे रथ, रथावर श्रीकृष्ण आणि धनुर्धारी अर्जुन. मोर्चे इथेच अडवले जातात. रथाभोवती काटेरी तारा, तारांमागे पोलीस, आणि पुढे रंगीत जाकिटे घातलेले महासिस्वा. प्रत्येक विद्यापीठाचा रंग वेगळा. फलकांवर तेच ओळखीचे शब्द: हार्गा, राक्यात. मी दुरून वाचत उभा राहिलो. एका मुलीच्या हातातल्या फलकाचा अर्थ आमच्या मित्रांनी सांगितला: ‘आमची आई रोज अंदाजपत्रक करते, तिला विचारा.’

“तुम्हीही असेच उभे होतात ना?” मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “हो. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं की परत घरी जाऊ की नाही. या मुलांना माहीत आहे. एवढं आम्ही मिळवलं.” मग म्हणाले, “आणि खरं सांगू? आता मी प्राध्यापक आहे, माझ्याकडे मोटार आहे, सवलत काढावी असं मला पटतं. पण ते या मुलांना कसं सांगावं ते मला येत नाही.”

मला वाटते त्यांच्या राज्यकर्त्यांनाही ते अर्धेच आले आहे. भाव एकदम वाढवू नये, आधी गरिबाच्या हातात पैसे पोहोचवावेत, इतके ते चाळीस-पन्नास वर्षांत शिकले. त्या शिकण्याने माणसांचे जीव वाचले, हे लहान काम नव्हे. राहिलेला अर्धा भाग म्हणजे वाचलेल्या पैशाचा हिशेब दाखवणे. रयत पेट्रोलचा भाव सोसते. तो पैसा दुसऱ्या कोणाच्या घरी गेला असे दिसले तर मात्र सोसत नाही.

याचा पडताळा ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्या खेपेस पेट्रोल वाढले नव्हते. बातमी एवढीच आली, की रयतेच्या वकिलांना घरभाड्यापोटी महिना ५ कोटी रुपिया भत्ता मिळतो, जकार्तातल्या किमान वेतनाच्या जवळजवळ दहापट. लोक रस्त्यावर आले. २८ ऑगस्टच्या रात्री पोलिसांच्या गाडीखाली एक तरुण ओजेकवाला चिरडून मेला आणि सारा देश पेटला. लोकप्रतिनिधींच्या घरांवर जमाव चालून गेले. श्री मुल्यानी यांचे घरही लुटले गेले, आणि काही दिवसांतच त्यांना अर्थखाते सोडावे लागले. ज्या बाईंनी वर्षानुवर्षे सवलतीचा आकडा लोकांना समजावून सांगितला होता, त्यांच्याच दारातून लोकांनी सामान उचलून नेले.

ती बातमी वाचून मी योग्याला इबूंकडे आमच्या मित्रांमार्फत निरोप पाठवला, मुलगा सुखरूप आहे ना? उत्तर दोन दिवसांनी आले. मुलगा सुखरूप होता; त्या रात्री भाडी बंद ठेवून तो घरीच बसला होता. दुसऱ्या दिवशी मात्र शहरातले सगळे ओजेकवाले मेलेल्या पोरासाठी मिरवणुकीने गेले, तेव्हा तोही गेला. इबूंनीच त्याला टाकी भरायला पैसे दिले होते.